अज्ञान पालनकर्ता

लिस्बन शहर सात टेकड्यांवर वसले आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु दोन वर्षांच्या नातवाची बाबागाडी ढकलीत चार दिवस तेथे हिंडल्यावर, मोजणीदाराने काही टेकड्या दप्तरी दाखल करावयाच्या सोडून दिल्या असाव्यात, असा महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाचा ग्रह झाला. तेथील पदपथ चुनखडीच्या मुठीएवढ्या पांढऱ्या चिऱ्यांनी जडविलेले, मधून काळ्या दगडाची नक्षी. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ते इतके गुळगुळीत झालेले की उतारावर धडधाकट माणसाचीही तारांबळ उडावी. बाबागाडीची पुढली चाके तर घडोघडी सांध्यात अडकून बसत.

शेवटच्या दिवशी आम्ही रोसिऊ चौकात होतो. त्या चौकाच्या फरशीवर काळ्यापांढऱ्या लाटा रेखलेल्या आहेत, आणि एका काळ्या लाटेवरून पाऊल ढळू न देता चालत जाण्याच्या उद्योगात आमचे चिरंजीव पाऊण तास गढले होते. वर टेकडीच्या माथ्यावर, ११४७ साली आफोन्सो एन्रिकेश राजाने मूरांकडून जिंकून घेतलेला साँव जॉर्जचा किल्ला उन्हात उभा होता. मुलाच्या झोपेची वेळ जवळ आली होती.

“आप्पा, आता निघू या,” कन्या म्हणाली. “बायशा पेठेतून चढाला फुकटची लिफ्ट आहे. पुढच्या पायऱ्यांना मी याला कडेवर घेते.”

“तो येईल?”

“रडेल थोडा वेळ. पण एवढ्या लांब पुन्हा कोण येणार?”

“तू एकटी जाऊन ये. मी बसतो याच्यापाशी.”

“एकटीच जायचे असते तर याला घरी ठेवून आले नसते का? त्याच्यासाठीच तर हे सारे.”

हे शेवटचे वाक्य मला खटकले. सातबाऱ्यावर वारस अल्पवयीन असला म्हणजे त्याच्या नावाखाली ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे घालून पालकाचे नाव लिहितात, अज्ञान पालनकर्ता. १९५६ च्या कायद्याप्रमाणे अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून त्या पालकाला विकता येत नाही. मी म्हटले, “या पोराची सारी मिळकत म्हणजे आजचा दिवस, त्यातली दुपारची झोप आणि ही काळी लाट. ती खर्ची घालून किल्ला पाहावयाचा आपण, आणि नावे मांडावयाचा त्याच्या! त्याला यातले काही आठवणारही नाही.”

“या हिशेबाने मूल सज्ञान होईतो आईबापांनी उंबरठा ओलांडायला नको,” ती म्हणाली. “आणि त्याला येथले काहीच मिळाले नाही असे म्हणू नका. काल बेकरीत याने ‘पाव’ म्हटले, आणि त्या बाईंनी दुभाष्याची वाट न पाहता हातात पाव दिला.”

“शब्द त्यांचाच आहे, आपल्याकडे आला त्याला शतके लोटली. पण त्या पावासाठी किल्ला चढावा लागला नव्हता.”

ती हसली, पण हटली नाही. “तुम्ही मला दोन वर्षांची असताना कडेवर घेऊन जेजुरी चढलात. मला तो भंडाऱ्याचा पिवळा रंग अजून आठवतो.”

“तो रंग आम्ही सांगितलेला आहे.”

“असेल. म्हणून तो माझा नाही काय? तुमच्याच दप्तरी भाषेत सांगते, आठवणीला पालनकर्ता तुम्ही होता. मी सज्ञान झाल्यावर तुम्ही ती माझ्या नावे करून दिलीत.”

पेन्शनरावर त्याच्याच कायद्याचे कलम उलटले म्हणजे तो फार वेळ बोलत नाही. मीही गप्प राहिलो. कारण जेजुरीच्या त्या कथेतून एक गोष्ट आम्ही कायमची वगळली होती. अर्ध्या वाटेपासून पोर हंबरडा फोडीत होती, आणि आईने परतण्यासाठी केलेला आग्रह मोडून मी वर गेलो होतो. आज ती मी सांगितली. “नोंद तुझ्या नावे झाली खरी,” मी म्हटले, “पण फेरफार खोटा होता.”

बराच वेळ ती पोराच्या पावलांकडे पाहत राहिली. या शहरात बाबागाडी सुरळीत चालावी तर ती केवळ बायशा पेठेत, कारण १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, पाठोपाठच्या लाटेने आणि आगीने ते सखल शहर धुळीस मिळविले, आणि राजाचा मंत्री पोंबाल याच्या कारकीर्दीत तेथे सरळ काटकोनी रस्ते आखले गेले. शेजारचा आल्फामा पक्क्या खडकावर असल्यामुळे पुष्कळसा बचावला आणि आपल्या वाकड्या पायऱ्यांसह तसाच राहिला.

“मी त्याला काय सांगेन?” तिने विचारले.

“पाऊण तास काळ्या लाटेवर चालला, असे.”

तिने गाडीचे तोंड तेजू नदीकडे, त्या सपाट रस्त्याने वळविले. रुआ आउगुश्ता संपण्यापूर्वीच मुलगा झोपला. किल्ला आम्ही नदीकाठच्या चौकातून, खालूनच पाहिला.