एकाच रक्ताची लेकरे



जून महिना जवळ आला की रविवारच्या मिस्सानंतर आमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर आईवडिलांची गर्दी होते. कोणाला शाळेत प्रवेश हवा असतो, कोणाला कॉलेजात, कोणाला नुसते शिफारसपत्र. बोलता बोलता एक वाक्य हमखास येते : "फादर, संस्था आपली आहे, मग आपल्या मुलांना आधी नको का?" प्रश्न साधा आहे, त्यात रागावण्यासारखे काही नाही. पण त्यातला 'आपली' हा शब्द आम्हाला दरवर्षी अडवतो. ख्रिस्ती संस्था आपली म्हणजे नक्की कोणाची? आणि ती ख्रिस्ती कशामुळे ठरते? नावामुळे, भिंतीवरच्या क्रुसामुळे की आणखी कशामुळे? या प्रश्नाचा विचार आज आपण दूरदेशीच्या एका लहानशा कॉलेजची हकिकत समोर ठेवून करू या.

अमेरिकेतील केंटकी राज्यात बेरिया नावाचे गाव आणि त्याच नावाचे कॉलेज आहे. ते कॅथलिक नाही, कोणत्याही एका पंथाचे नाही. त्याचा संस्थापक जॉन फी (१८१६-१९०१) गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मला. सेमिनरीत शिकताना गुलामगिरी हे पाप आहे अशी त्याची खात्री पटली. वडिलांनी त्याला वारशातून काढून टाकले. वडिलांच्याच घरातील एका गुलाम स्त्रीला फीने पैसे मोजून विकत घेतले, ते तिला मुक्त करण्यासाठी. १८५५ साली त्याने बेरियात एका खोलीची शाळा सुरू केली.

हे नाव प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातले आहे. मराठी शास्त्रात ज्याला बिरुया म्हटले आहे, तेच हे नगर. तिथले लोक संत पौलाचे बोलणे खरे की खोटे हे दररोज शास्त्र उघडून पडताळून पाहत. कॉलेजचे ब्रीदवाक्यही त्याच अध्यायातून घेतलेले आहे. पृथ्वीवरील सर्व लोकांना देवाने एकाच रक्तापासून निर्माण केले, हा त्याचा आशय. १८५९ साली संस्थेची जी घटना तयार झाली, तिच्यात तीन गोष्टींना विरोध स्पष्ट लिहिला होता : पंथाभिमान, गुलामगिरी आणि जातिभेद. होय, त्यांनी वापरलेला शब्द 'कास्ट' हाच होता. सदाचरणी अशा कोणालाही, कमीत कमी खर्चात, उत्तम शिक्षण द्यावे, हा हेतूही त्यांनी नमूद केला.

हे शब्द लिहून झाले त्याच वर्षी त्यांची किंमत मागितली गेली. १८५९ च्या डिसेंबरमध्ये परिसरातील वजनदार लोकांनी एकत्र येऊन शिक्षकांना आणि त्यांच्या कुटुंबांना दहा दिवसांत निघून जाण्यास बजावले. भर थंडीत ती कुटुंबे देशोधडीला लागली. यादवी युद्ध संपल्यावर ती परतली आणि १८६६ साली वर्ग पुन्हा भरले. त्या वर्षी १८७ विद्यार्थी होते : ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. ज्या राज्यात कालपरवापर्यंत एक माणूस दुसऱ्याला बाजारात विकत होता, तिथे दोघांची मुले एकाच बाकावर बसली.

१८७३ साली या कॉलेजने पहिल्या पदव्या दिल्या. त्याच वर्षी आपल्याकडे जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी निरपेक्ष कष्ट घेतले, त्यांना ते जोतीरावांनी अर्पण केले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाला हजारो कोसांवरची ती वेदना आपली वाटली. 'आपले' या शब्दाचा हाही एक अर्थ आहे.

इथे हकिकत संपवली असती तर ती सोपी आणि गोड झाली असती. पण बिरुयाच्या लोकांप्रमाणे आपण पुढचेही पडताळून पाहिले पाहिजे.

१८९२ साली विल्यम फ्रॉस्ट कॉलेजचे अध्यक्ष झाले. अपलेशिया या डोंगराळ भागातील गोऱ्या लोकांच्या दारिद्र्याकडे त्यांचे लक्ष गेले. ते दारिद्र्य खरे होते आणि त्या मुलांना शिकवणे हे सत्कृत्यच होते. मात्र त्यांची संख्या वाढत गेली तसतसा कृष्णवर्णीय मुलांचा वाटा कमी होत गेला. मग १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळाने कायदा केला की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकवता येणार नाही. शिकवल्यास संस्थेला एक हजार डॉलर दंड आणि पुढे रोजचा दंड वेगळा. राज्यात असे एकत्र शिक्षण देणारे कॉलेज हे एकच होते, म्हणजे कायदा कोणासाठी केला हे उघड होते. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९०८ साली हरले. न्यायालयाने म्हटले की कॉलेज ही राज्याने दिलेल्या सनदेवर उभी असलेली संस्था आहे आणि आपण दिलेल्या सनदेच्या अटी राज्य बदलू शकते. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. ते स्वतः केंटकीचे आणि गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबातले होते.

कॉलेजने काय केले? गोरी मुले राहिली, कृष्णवर्णीय मुले गेली. दुसरीकडे शिकण्यासाठी त्यांना पैशाची मदत दिली गेली. निधी जमवून त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट नावाची वेगळी शाळा उभारली, ती १९१२ साली सुरू झाली. पण बेरियाचा दरवाजा त्यांना बंद झाला.

येथे आपला नैतिक प्रश्न उभा राहतो. हा विश्वासघात होता की शहाणपण? कायदा मोडला असता तर कॉलेज बंद पडले असते आणि डोंगरातली गरीब मुलेही उघड्यावर आली असती. संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता हा प्रमुख सद्गुणांपैकी एक मानला आहे. मग बेरियाचे चालक सुज्ञपणे वागले असे म्हणावे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक भेद शिकवला गेला होता. सुज्ञता विचारते, चांगल्या ध्येयाकडे कोणत्या मार्गाने पोहोचता येईल. भित्रेपणा विचारतो, कोणता मार्ग सुरक्षित आहे. दोघांची उत्तरे कित्येकदा सारखीच दिसतात, म्हणूनच फसगत होते.

आमच्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की भेद कळतो. १८५९ साली आदर्शाची किंमत आदर्श मानणाऱ्यांनी स्वतः मोजली, घरे सोडून. १९०४ साली ती किंमत सर्वांत दुबळ्या विद्यार्थ्यांनी मोजली. चालकांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही, ते लढले हेही खरे. पण ॲरिस्टॉटल सांगतो की माणसाचे शील वारंवार केलेल्या कृतींतून घडते. संस्थेचेही तसेच असावे. कायदा येण्यापूर्वीच कोणाचा तरी वाटा हळूहळू कमी होऊ दिला होता. त्यामुळे जेव्हा एकाला निवडण्याची वेळ आली, तेव्हा कोणाला जाऊ द्यायचे हे जणू आधीच ठरून गेले होते.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपण कॅथलिकांनी आपलेही आठवावे. १८३८ साली मेरीलँडमधील येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम विकले आणि त्या पैशातील काही भागातून जॉर्जटाउन येथील आपल्या कॉलेजचे कर्ज फेडले. शिक्षणाचे पवित्र कार्य वाचले, पण ते कोणाच्या जिवावर? २०१७ साली येशूसंघाने आणि त्या विद्यापीठाने त्या गुलामांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागायला १७९ वर्षे लागली.

बेरियाच्या हकिकतीत आणखी एक वर्ष आहे : १९५०. त्या वर्षी कायदा सैल झाला आणि बेरियाने लगेच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पुन्हा प्रवेश दिला. सेहेचाळीस वर्षांत जुने वचन विसरायला भरपूर वेळ होता. ते विसरले गेले नाही, कारण ते लिहून ठेवलेले होते. आम्हाला वाटते, ब्रीदवाक्याचा खरा उपयोग हाच. ते आपले प्रशस्तिपत्र नव्हे. आपण चुकलो तर ते आपल्याच विरुद्ध साक्ष देते आणि परतीची वाटही दाखवते.

आज तिथे सुमारे दीड हजार विद्यार्थी शिकतात. ज्यांची ऐपत नाही अशांनाच प्रवेश मिळतो. १८९२ पासून कोणाकडूनही शिक्षणशुल्क घेतलेले नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो, कोणी स्वयंपाकघरात, कोणी बागेत, कोणी झाडू बनवण्याच्या कारखान्यात. ज्या मृत्युपत्रांत विशिष्ट कामाची अट नाही त्यांतून आलेला पैसा चालू खर्चात न वापरता कायम निधीत टाकायचा, असा निर्णय विश्वस्तांनी १९२० साली घेतला. आजच्या मुलांचे शिक्षण त्या जुन्या संयमावर चालते. पुढच्या काळातली, आपण कधीही न पाहणारी मुलेही आपलीच, असे मानणाऱ्यांनाच असा निर्णय घेता येतो.

आता पुन्हा आमच्या बाकाकडे येऊ. आपल्या मुलांची काळजी करणे हा आईवडिलांचा धर्मच आहे आणि ख्रिस्ती मुलांना आपल्या संस्थांत आधार मिळालाच पाहिजे. पण आपल्या पूर्वजांना कोणीतरी शाळेचे दार उघडले तेव्हा आपली जात, आपली ऐपत पाहून ते लावून घेतले असते, तर आपण आज कुठे असतो? पुढच्या वेळी बाकावर बसाल तेव्हा इतकेच करा : शेजारी कोण बसले आहे ते पाहा. कदाचित ती वीटभट्टीवरची बाई असेल, तिच्या हातात मुलाचा दाखला असेल, आणि शिफारस करणारे तिला कोणी नसेल. तिच्यासाठी आपण जागा सरकवली, तर संस्थेच्या नावातला 'ख्रिस्ती' हा शब्द खरा ठरेल. आणि आम्ही तिला बाहेर थांबवून तुम्हाला आधी आत बोलावले, तर आम्हाला टोकण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तो जरूर वापरा.

प्रभू येशू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू