सामाईक हवा

प्रत्येक घराची एक बोली असते. दोन मालवणी जावा चुलीपाशी बोलू लागल्या की वऱ्हाडातल्या जावयाला त्यातले निम्मे कळत नाही. यात गैर काही नाही. घरच्या बोलीत अर्ध्या शब्दात काम भागते. प्रश्न येतो तो जावईबापू माजघरात येऊन बसल्यावर. आता जावांनी तसेच बोलत राहावे, की सर्वांना समजेल अशा मराठीवर यावे?

हाच प्रश्न यंत्रांपुढेही असतो असे मी म्हटले, तर वाचक हसतील. पण घरोघरी भिंतीवर लावलेली ती वायफायची पेटी पाहा. १९९७ साली आय-ट्रिपल-ई या इंजिनियरांच्या संस्थेने बिनतारी जाळ्यांची एक प्रमाण भाषा ठरवली, ८०२.११ हे तिचे रुक्ष नाव. १९९९ मध्ये तिचा ‘बी’ अवतार आला, सेकंदाला ११ मेगाबिटांचा. २००३ मध्ये ‘जी’ आला, ५४चा. एका कारखान्याचा संगणक दुसऱ्या कारखान्याच्या पेटीशी बोलतो, तो या कराराच्या जोरावर.

पण माणसाला ५४ पुरतात थोडेच! अथेरॉस कंपनीने ‘सुपर जी’ नावाची स्वतःची युक्ती काढली आणि पेट्यांवर १०८चा आकडा झळकू लागला. ही झाली घरची बोली. अशा पेट्यांत दोन तऱ्हा असत. ‘डायनॅमिक टर्बो’त घरचीच मंडळी असेतोवर पेटी जलद बोले, साधा संगणक आला की मुकाट्याने प्रमाण भाषेवर येई. ‘स्टॅटिक टर्बो’त ती आपली बोली सोडतच नसे, परक्याला तिथे प्रवेशच नाही. यंत्र तेच, फक्त कळ फिरवायची. नीतीचा सारा प्रश्न मला त्या कळीत दिसतो.

मी पडलो शाळामास्तर. मला यात वर्ग आठवतो. जुना ‘बी’ जातीचा संगणक जाळ्यात असला, तर ‘जी’वाल्यांना बोलण्यापूर्वी जुन्या संथ भाषेत ‘जरा थांब’ अशी वर्दी द्यावी लागते. त्यांचे जलद बोलणे म्हाताऱ्याला उमगत नाही. वर्दी नसेल तर तो मध्येच बोलू लागेल आणि कुणाचेच धड ऐकू येणार नाही. या सौजन्यापायी साऱ्यांचाच वेग घटतो. हुशार मुलांचे वडील मला विचारतात, “मास्तर, मागच्या बाकासाठी आमच्या मुलाने का खोळंबायचे?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. खोळंबा खराच होतो. पण म्हणून मागच्या बाकाला वर्गाबाहेर घालवायचे काय?

याचा अर्थ घरची बोली हे पाप, असे मात्र नव्हे. कुणीतरी कराराबाहेर पाऊल टाकल्यावाचून करार पुढे सरकत नाही. ‘सुपर जी’चा एक भाग म्हणजे दुप्पट रुंद वाट वापरणे. पण वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा म्हणजे वाड्यातली सामाईक विहीर. तिथे एकमेकींत न मिसळणाऱ्या वाटा साधारणपणे तीनच. एकाने रुंद वाट धरली की शेजाऱ्याची अडचण होणारच. पुढे २००९ साली ‘एन’ हे प्रमाण मंजूर झाले, त्यात रुंद वाटेला जागा मिळाली. मात्र या पट्ट्यात एक अट आली: शेजारी आहे असे दिसले, तर आपली वाट अरुंद करायची. मला या अटीत मोठे शहाणपण दिसते. तिने वेगाला नाकारले नाही. वेगाला शेजारधर्म शिकवला.

मग खाजगी आणि प्रमाण यांचे जुळावे कसे? माझ्या मते दोन गोष्टी पुरेत. आपल्या माणसांशी आपल्या बोलीत खुशाल बोलावे, पण परका दाराशी आला की त्याची भाषा आपल्याला येत असावी. आणि त्याहून महत्त्वाचे, आपल्या बोलण्याने शेजाऱ्याचे तोंड बंद होऊ नये. पेटी आपण दाम मोजून घेतो. जिच्यातून ती बोलते, त्या हवेचे दाम कुणीच मोजलेले नसतात.