नशीब कोणाला सांगावे?

‘नशीब’ हा शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, ते एकदा मोजून पाहा.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातील आठवीचा एक मुलगा आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. आखाजीला सालाने राहताना बापाने मुलीच्या लग्नासाठी मोठी उचल घेतली होती. ती फिटावी म्हणून मुलगा मालकाची गुरे राखीत होता. आई म्हणाली, “आमनं नशीबच खोटं शे, गुरुजी.” घराण्यातला पहिला पदवीधर मी; पण मला उत्तर सुचले नाही.

परतताना कॉलेजात वाचलेली एक ग्रीक कथा आठवली. हेरोडोटसने ती सांगितली आहे. लिडियाचा राजा क्रीसस अपार श्रीमंत. अथेन्सचा सोलोन त्याच्याकडे आला. राजाने खजिना दाखवून विचारले, जगात सर्वांत सुखी कोण? सोलोनने राजाचे नाव घेतले नाही. त्याने टेलस या अथेन्सच्या साध्या नागरिकाचे नाव घेतले. टेलसने मुले-नातवंडे पाहिली आणि नगरासाठी लढताना देह ठेवला. दैव केव्हाही फिरते, म्हणून शेवट पाहिल्याशिवाय कोणाला सुखी म्हणू नये, असे सोलोनने बजावले. पुढे इ. स. पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या सायरसने लिडिया जिंकले व क्रीसस कैदी झाला. ही भेट खरोखर घडली का, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. पण कथेतला बोध ग्रीकांनी जपला.

मग सोलोनही दैववादीच, असे कोणी म्हणेल. तसे नाही. इ. स. पू. ५९४ मध्ये अथेन्सचा कारभार याच सोलोनच्या हाती आला. तेव्हा कर्जापायी गरीब शेतकरी गुलाम होत होते. कित्येकांना परदेशी विकले होते. त्यांना सोलोनने दैव सांगितले नाही. त्याने कर्जे रद्द केली, माणसाचे शरीर तारण ठेवण्यास बंदी केली आणि विकलेल्यांना परत आणले. ग्रीकांनी या सुधारणेला ‘ओझे झटकणे’ असे नाव दिले.

सोलोनही अपुराच पडला. परक्या गुलामांची बेडी त्याने तोडली नाही. पुढे अ‍ॅरिस्टॉटलसारख्या थोर पंडिताने तर काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे लिहिले. आपल्याकडच्या चातुर्वर्ण्याची हीच भाषा नव्हे काय? त्याला उत्तर एका गुलामानेच दिले. दास्यात वाढलेला एपिक्टेटस पुढे तत्त्वज्ञानाचा आचार्य झाला. स्वभाव म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा लादलेले असते.

तेव्हा दैवाची गोष्ट क्रीससला सांगावी, त्याचा गर्व उतरतो. कर्जदाराला ती सांगितली की त्याची मान खाली जाते. पाऊस पडणे आपल्या हाती नाही. पण उचल हा माणसांनी केलेला व्यवहार आहे आणि माणसांना तो मोडता येतो. वेठबिगारी व तिच्यापोटीचे कर्ज १९७६ च्या कायद्याने रद्द झाले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. गरिबाच्या दैन्याचा दोष त्याच्या पूर्वजन्मावर टाकला की समाज जबाबदारीतून सुटतो, हे बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे.

मी पुन्हा त्या घरी गेलो. नशिबावर वाद घातला नाही. उचल किती, फिटली किती, एवढेच विचारले. बाप म्हणाला, वही मालकाकडे असते. वाचकहो, आपण ज्याला नशीब म्हणतो ते पुष्कळदा असे दुसऱ्याच्या घरच्या वहीत लिहिलेले असते.

मुलगा अजून शाळेत आलेला नाही. मी जात राहणार आहे. आपल्या गावातही असे एखादे घर असेल. तिथे जा, आणि वही कोणाकडे आहे ते विचारा.