दाखला कोणाकडून घ्यायचा?



सवर्ण पाहुणा येणार असला म्हणजे आपल्यातील काही जण बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत नेतात. काही जण नेमके उलट करतात. पाहुण्याला दिसावी म्हणूनच ती दर्शनी भिंतीवर लावतात. पहिल्याला आपण भित्रा म्हणतो, दुसऱ्याला स्वाभिमानी. पण जरा विचार करा. तसबिरीची जागा दोघांनीही पाहुण्याच्या नजरेने ठरवली. घर आपले, तसबीर आपली, निर्णय मात्र परक्याचा!

असे का व्हावे? आपल्या माणूसपणाचा दाखला देण्याचा अधिकार शतकानुशतके दुसऱ्याने बळकावला होता. ती सवय दीक्षेच्या एका दिवसाने जात नाही. आपला शिकलेला मुलगा कचेरीत दुप्पट राबतो. कामाच्या गोडीने राबत असेल तर उत्तमच. पण 'आमचेही लोक हुशार असतात' हे पटवण्यासाठी राबत असेल, तर त्याला सुखाची झोप कधीच लागणार नाही. कारण आडनाव विचारणारा घरमालक पदवी पाहून विचारायचा थांबत नाही. ज्या परीक्षकाला उत्तीर्ण करायचेच नाही, त्याच्यापुढे जन्मभर पेपर लिहीत का बसावे?

तथागतांनी या रोगाला 'मान' म्हटले आहे. मी श्रेष्ठ, हा मान. हे कोणालाही पटेल. पण मी हीन, हाही मान आणि मी त्याच्या बरोबरीचा, हाही मानच, असे धम्म सांगतो. येथे कोणी विचारील, मग समतेचे काय? समता मागणे हाही मानच का? मुळीच नाही. समतेसाठी झटण्याची तर आपण बावीस प्रतिज्ञांत शपथच घेतली आहे. समता हा सर्वांचा हक्क आहे. 'मान' म्हणजे घडोघडी स्वतःला दुसऱ्याच्या तराजूत घालून पाहणे. हक्क मागणारा ताठ उभा राहतो, दाखला मागणारा वाकतो. बावीस प्रतिज्ञांत 'मी इतरांना माझी लायकी पटवून देईन' अशी एकही प्रतिज्ञा नाही.

बाबासाहेबांचा मार्ग पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडला ते चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते मानवी हक्क बजावण्यासाठी. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पण १९३४ साली त्यांनीच तो मार्ग सोडण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याच्या देवळाचे दार उघडते की नाही, यावर आपली किंमत का ठरावी? १९३५ साली येवल्याला घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक कोणाचीही परवानगी न विचारता बौद्ध झाले.

उपालीची कथा आपण वाचली असेल. तो शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद आदी शाक्यकुमार प्रव्रज्येला आले, तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनविले की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा कुलाभिमान गळेल. उपालीने आपली योग्यता सिद्ध करावी, असे कोणी म्हटले नाही. रोग शाक्यांचा, औषधही शाक्यांनीच घ्यायचे. उपाली विनय शिकत राहिला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्यानेच सांगितला.

एक सावधगिरी मात्र हवी. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० साली. मधल्या ३४ वर्षांत पोटासाठी कागदावर जुनी जात लिहिणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. भाकरीचा प्रश्न वेगळा, शाबासकीचा वेगळा. खरा बौद्ध कोण, याचे दाखले आपणच एकमेकांना वाटू लागलो, तर जुना परीक्षक गेला आणि नवा आला, एवढेच होईल.

तेव्हा परीक्षा स्वतःची स्वतःच घ्या. विहारातील पांढरी वस्त्रे सर्वांना दिसतात. पण दार लावल्यावर, कोणी पाहत नसताना, दारूचा पेला आपण दूर सारतो का? पत्नीशी, सुनेशी आपण समतेने वागतो का? याचे उत्तर होकारार्थी असेल तर कोणाच्या दाखल्याची गरज नाही. नकारार्थी असेल तर कोणाचाही दाखला उपयोगाचा नाही. अत्तदीप होणे म्हणजे दुसरे काय?

जयभीम!