सोनकीचं बी कोण राखतं?

एखादं फूल आपलं कधी होतं? पैसे मोजले की, हातात आलं की, नुसतं आवडलं की?

आम्ही इंदूरच्या काही जणी भाद्रपदात कुंभोजच्या बाहुबलीला निघालो होतो. वाटेत साताऱ्याजवळचं कासचं पठार पाहिलं. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात हे पठारही आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, आणि त्यावर सोनकी, पिवळीधमक. एकीनं चार-पाच फुलं खुडून केसांत माळली. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "अगं, दसऱ्याला राजवाड्यावरून झेंडू आणतेस ना? तोही याच कुळातला. त्याच्यात जीव नाही का?"

आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या हिशेबानं झेंडू आणि सोनकी सारखीच. मग फरक शोधायचा तो आपल्या वागण्यात.

झेंडू माणूस लावतो, पाणी घालतो, पुढच्या हंगामाची सोय बघतो. सोनकीचं बी राखणारं कोणी नाही. तिचं आयुष्य एका वर्षाचं. पावसात उगवते, फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. शिवाय आपण जिला एक फूल म्हणतो, तो खरं तर बारीक फुलांचा गुच्छ. कडेची एकेक पाकळी म्हणजे एक फूल, मधल्या गोलातला एकेक ठिपका म्हणजे एक फूल, आणि प्रत्येकाचं बी एकच. एक खुडलं की कितीतरी बिया गेल्या.

एकीनं तोडल्यानं पठार ओसाड पडतं का? नाही पडत. पण तिथं येणारी प्रत्येक जण स्वतःला एकटीच समजते. न तोडता फोटोसाठी फुलांत बसकण मारणारीसुद्धा! हात कोरे राहिले, पण पायांखाली गेलं त्याचं काय?

मैत्रिणींनो, अपरिग्रह म्हटलं की आपल्याला दागिने, साड्या, पैसाअडका आठवतो. मला वाटतं, आवडलेली वस्तू जागच्या जागी राहू देणं हाही अपरिग्रहच. जिथं आपण काही पेरलं नाही, तिथं आपला हक्क बघण्यापुरता.

आणि झेंडू? तोही यंदा तोरणाला लागेल तेवढाच आणू या.