तितिक्षा स्वतःसाठी, औषध दुसऱ्यासाठी

रांझीतील एका मराठी घरी गीतापाठानंतर मी खाजकुइलीचा दृष्टांत देत होतो. तिच्या शेंगेवरील बारीक लव त्वचेत रुतते, एवढे म्हणताच कोणी मान, तर कोणी दंड खाजवू लागले. शेंग रानात होती. सभेत आला होता केवळ शब्द!

जर्मनीतील वैद्यांनी 2000 साली असेच निरीक्षण प्रसिद्ध केले. व्याख्यानात पिसवांची चित्रे दाखविताच श्रोते अधिक खाजवू लागले. मनात अपेक्षा जागली की त्वचा तिची साक्ष देऊ लागते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 14 व्या श्लोकात भगवंतांनी विषयस्पर्श येणारे-जाणारे सांगून ते सोसण्याची आज्ञा केली आहे. अशी खाज सुटली असता क्षणभर हात आवरून पाहावे. ती उठते, वाढते आणि ओसरते.

इतक्यात एका माउलीने विचारले, ‘‘शास्त्रीबुवा, माझे लेकरू रात्ररात्र खाजवते. तेही मनाचेच का?’’ ‘होय’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, मी थबकलो. खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते, रात्री अधिक छळते व सहवासाने पसरते. तिला उपदेश पुरत नाही. वैद्याच्या सल्ल्याने साऱ्या घराने एकाच वेळी औषध लावावे लागते.

म्हणून गृहस्थाने एवढे ध्यानी धरावे : तितिक्षा आपल्या देहाला शिकवावी, दुसऱ्याच्या दुःखाला ‘मनाचा खेळ’ म्हणून धर्माच्या नावाने पाठ फिरवू नये.