कराने हे ऋण फिटेल काय?

धूम्रपानाविषयी बोलणे निघाले की एक उत्तर हमखास ऐकू येते. ‘मी ओढतो खरा, पण प्रत्येक पाकिटामागे सरकारला कर भरतो. उद्या मी आजारी पडलो आणि सरकारी खर्चाने उपचार झाले, तर त्यात उपकार कसला?’ वरवर पाहता हे उत्तर बिनतोड वाटते. आम्हांस त्याची टवाळी करावयाची नाही. त्यामागे एक नैतिक गृहीत दडलेले आहे : हानीची किंमत मोजली की दोष संपतो. ते गृहीत कितपत टिकते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांची व अकाली मृत्यूंची २०१७-१८ या वर्षातील किंमत देशाच्या पातळीवर सुमारे १,७७,३४१ कोटी रुपये होती, असा अभ्यासकांचा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला. तंबाखूवरील उत्पादन शुल्काच्या प्रत्येक १०० रुपयांमागे समाजावर ८१६ रुपयांचा भार पडतो, असे त्यांचे गणित आहे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या १०० रुपयांत उत्पादन शुल्काखेरीज इतर कर धरलेले नाहीत आणि ८१६ रुपयांचा सर्व भार सरकारी तिजोरीवरही पडत नाही. त्यातील सुमारे २२ टक्के रक्कम औषधोपचारांची आहे. उरलेली मुख्यतः बुडालेल्या मजुरीची आणि अकाली गेलेल्या आयुष्यांची. तरीही ते २२ टक्के म्हणजे सुमारे १८० रुपये होतात. तेव्हा उत्पादन शुल्कातून नुसत्या उपचारांचाही खर्च निघत नाही.

बिडीचा हिशेब याहून विदारक आहे. २०१७ साली बिडीपायी झालेले नुकसान सुमारे ८०,५५० कोटी रुपयांचे होते, तर २०१६-१७ मध्ये तिच्यापासून मिळालेला कर जेमतेम ४१७ कोटींचा. म्हणजे दोनशे रुपयांच्या हानीमागे एक रुपया! असे असूनही सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरविताना बिडीचा दर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. बिडी वळणाऱ्या हातांचे काय होणार, हा प्रश्न अशा वेळी पुढे येतो आणि तो खोटा नाही. सोलापूरच्या हजारो स्त्रियांची चूल त्या कामावर पेटते. परंतु एका गरिबाची रोजी दुसऱ्या गरिबाच्या फुप्फुसांवर चालवावी, हे न्यायाचे उत्तर नव्हे. तिला दुसरे काम मिळवून देणे, हे न्यायाचे उत्तर होय.

आता हे आकडे दिल्लीहून खाली आणू आणि बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातील डोणगावासारख्या गावात त्यांचा अर्थ काय होतो ते पाहू. समजा, तेथील एका शेतमजुराला बिडीपायी घशाचा कर्करोग जडला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून त्याच्यावर विनामूल्य उपचार होऊ शकतील. पण त्यासाठी त्याला अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, नाहीतर थेट मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागेल. एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचा खर्च, सोयाबीनच्या ऐन सुगीत बुडालेली दोघांची मजुरी, त्यासाठी काढलेले कर्ज आणि मुलीची सुटलेली शाळा कोणत्या सरकारी वहीत लिहिली जाणार? कर भरला त्याने, तो जमा झाला तिजोरीत आणि भोग आले बायकामुलांच्या वाट्याला. देणारा, घेणारा आणि सोसणारा हे तिघे निराळे असताना ‘भरपाई झाली’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शिवाय आपल्या राज्यात धूर हा या अनर्थाचा लहान भाग आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के आढळले. तंबाखू चघळणारे वा मशेरीसारख्या रूपात वापरणारे मात्र २४.४ टक्के. गुटख्यावर तर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. जो चोरून विकला जातो, त्याच्यापासून कराची दमडीही येत नाही.

हिशेबाचा पक्ष इथे संपत नाही. त्याचे टोक परदेशात एकदा उघड झाले. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीसाठी चेक प्रजासत्ताकाविषयी तयार केलेला एक अहवाल २००१ साली जगापुढे आला. धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यामुळे त्यांच्या निवृत्तिवेतनाचा आणि म्हातारपणाचा खर्च वाचतो. सबब सरकारला एकंदरीत फायदाच होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर संताप उसळला आणि कंपनीला क्षमा मागावी लागली. बेरीज-वजाबाकी चुकली म्हणून हा संताप नव्हता. मनुष्याचा मृत्यू जमेच्या बाजूला मांडला गेला, हे लोकांना सहन झाले नाही. तेव्हा हिशेब जुळला तरी प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे तर तो तसाही जुळत नाही. पन्नाशीत गेलेल्या मजुराचे श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन वाचेल. पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या दारी त्याची विधवा उभी राहील.

मग कर नकोच काय? आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. कर वाढला की किंमत वाढते आणि ज्याच्या खिशात पैसे कमी, तो आधी हात आखडतो. नवशिका तरुण तर आधीच थबकतो. म्हणून किरकोळ किमतीच्या किमान ७५ टक्के कर असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मात्र ज्याचे व्यसन सुटत नाही अशा गरिबावर ओझे वाढते, हेही खरे. म्हणूनच त्या पैशातून व्यसनमुक्तीचे साहाय्य त्याच्या गावापर्यंत पोहोचविणे, हे सरकारचे ऋण ठरते. कर हा कुंपणासारखा आहे. कुंपणालाच पीक समजून जो त्यावर पोट भरू लागतो, तो पुढे शेत राखीत नाही.

या मोहातून आपले धर्मपीठही सुटले नव्हते. पोप नववे पायस यांनी रोममध्ये बांधविलेला तंबाखूचा कारखाना १८६३ साली पूर्ण झाला. व्हॅटिकनमध्ये सिगारेटची सवलतीच्या दराने विक्री तर अगदी अलीकडेपर्यंत चाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती २०१८ पासून थांबविण्याचे जाहीर केले. विक्रीतून मोठे उत्पन्न मिळत होते. परंतु ज्यापायी माणसांचे प्राण जातात तो नफा न्याय्य नव्हे, अशी भूमिका घेण्यात आली. उत्पन्न सोडण्याची तयारी, हीच हेतूच्या शुद्धतेची कसोटी आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मंदिराच्या भांडारात टाकण्यास मुख्य याजकही कचरले. त्या पैशाला रक्ताचा डाग आहे, एवढे त्यांनाही कळत होते. त्यांनी त्यातून परक्यांना पुरण्यासाठी जमीन विकत घेतली. पैसा मार्गी लागला. गेलेला जीव परत आला नाही.

कर भरणाऱ्याला पावती मिळते, क्षमा नव्हे. शासनाचे ऋण शासनाने फेडावे. परंतु आपल्या कुटुंबाचे जे ऋण आपल्यावर आहे, ते कोणत्याही पाकिटाच्या किमतीत धरलेले नसते. ते पैशाने फिटत नाही. आपण धडधाकट राहून, मुलांच्या सोबतीने म्हातारे होऊनच ते फिटते.